डोकं दुखतंय म्हणणारं मूल

दुपारच्या तासाला एखादं मूल कपाळ दाबून बाकावर डोकं टेकतं. घरी बाम चोळला जातो, शाळेत ‘अभ्यासाची टाळाटाळ’ असा शेरा मिळतो. त्याच मुलाची वही अर्धवट, डबा वर्गात विसरलेला, बोलताना नजर खिडकीबाहेर. अकलूजमध्ये काय नि इतरत्र काय, या दोन तक्रारी वेगवेगळ्या धरल्या जातात. तिथंच चुकतं.

अर्धशिशी असलेल्या मुलांत एडीएचडी, म्हणजे अवधानाचा विकार, इतर मुलांपेक्षा अधिक आढळतो. एकामुळे दुसरं होतं असं सिद्ध झालेलं नाही. पण अपुरी झोप दोन्हींना खतपाणी घालते, आणि एडीएचडीवरच्या मिथाइलफेनिडेट या औषधानंही डोकं दुखू शकतं. चष्म्याचा नंबर आणि उपाशी पोट तर आधी पाहावंच. पहाटे उलटीसह डोकं दुखत असेल तर एक दिवसही थांबू नये.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीच्या यादीत एडीएचडी आहे. या कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा डोकेदुखीचंही विचारलं पाहिजे: महिन्यातून किती वेळा, उजेड सहन होतो का? आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसांना गोल केला तरी डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आणि गळीत हंगामात अकलूजच्या माळशिरस तालुक्यात कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, उतरणारी ऊसतोड कामगारांची पोरं? पहाटे गाडीबरोबर उठणारं हे मूल बहुधा गावच्या तपासणीलाही नसतं आणि इथल्या पटावरही नसतं. हंगाम सुरू होताच पथकानं आधी कोप्यांवर जावं.