प्रीॲम्प घेण्याआधी थोडं थांबा

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस 2016 साली बंद झालं, पण तिथून आणलेल्या सीडी अजून आपल्या घरात आहेत. ठाकूर व्हिलेज असो की चारकोप, माळ्यावरचं एखादं खोकं खाली काढा. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, नाट्यपदं, अभंग, सगळं निघेल. जुना प्लेअरही बहुधा चालतो. मग हौसेने कुणी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणतो आणि प्रश्न पडतो, मध्ये प्रीॲम्प लागणार का? विकणारा म्हणतो, लागणारच. ओळखीतला जाणकार म्हणतो, काही नको, सरळ वायर लाव. दोघांचंही अर्धंच खरं. सीडी प्लेअरला आवाज वाढवणारं यंत्र लागत नाही, पण आवाज कमी करणारं बटण लागतंच. ते कुठे आहे ते आधी बघा, खिशात हात नंतर घाला.

प्रीॲम्पची गरज आली ती रेकॉर्डमुळे. रेकॉर्डच्या सुईतून निघतात जेमतेम 4-5 मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात; ऐकताना ते पुन्हा सारखे करावे लागतात. ही दोन्ही कामं प्रीॲम्प करायचा. सीडी 1982 साली बाजारात आली आणि चित्र पालटलं. प्लेअरच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटमधून जास्तीत जास्त 2 व्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे सुईच्या जवळपास चारशेपट. व्हॉल्व्हच्या बहुतेक पॉवर ॲम्प्लिफायरना पूर्ण ताकदीने वाजायला एक व्होल्टच्या आगेमागे पुरतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी आहे हे. दाब भरपूर आहे. पंप कशाला, तोटी बसवा.

हिशोब मांडून बघा. समजा ॲम्प्लिफायर 10 वॉटचा आहे आणि 1 व्होल्टला पूर्ण वाजतो. आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये बऱ्यापैकी स्पीकरवर 1 वॉट म्हणजे दणदणीत आवाज. व्होल्ट दुप्पट केले की वॉट चौपट होतात, म्हणून त्या एका वॉटला फक्त 0.3 व्होल्ट लागतात. प्लेअर देऊ शकतो 2. बटणाशिवाय सरळ वायर लावलीत, तर झांज-पखवाज सुरू होताच आवाज फाटेल, स्पीकरची कॉइल धोक्यात येईल आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतील.

म्हणून आधी आपल्याकडे काय आहे ते पाहा. ॲम्प्लिफायरवर व्हॉल्यूमचं बटण असेल तर विषय संपला. ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये वायर लावा आणि गाणी ऐका. ‘फोनो’ लिहिलेल्या सॉकेटला मात्र हात लावू नका, ते रेकॉर्डसाठी आहे.

बटण नसेल तर प्लेअरच्या पाठीमागे ‘व्हेरिएबल’ सॉकेट आहे का ते बघा. असेल तर आवाज रिमोटवरून कमी करता येतो. जुन्या प्लेअरमध्ये असा आवाज फार कमी केला की बारकावे थोडे जातात. दर 6 डेसिबलला साधारण एक बिट. थोड्या कपातीला काही बिघडत नाही. लाइट जाऊन आल्यावर प्लेअर पूर्ण आवाजावर सुरू होत नाही ना, एवढं ॲम्प्लिफायर बंद ठेवून तपासा.

दोन्ही नसेल तर तोटी आपणच बसवायची. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर स्टिरिओ पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या नॉबखालचा पोटेन्शिओमीटर, मागा. 20 किंवा 50 किलोओहमचा, आणि ‘लॉग’च घ्या. ‘लिनिअर’ घेतलात तर पाव फेऱ्यातच आवाज अंगावर येतो आणि उरलेला फेरा वाया जातो. हल्लीच्या पॉटवर ‘ए’ म्हणजे लॉग, ‘बी’ म्हणजे लिनिअर. पत्र्याची छोटी डबी, चार आरसीए सॉकेट, एक नॉब, झालं सामान. पॉटला दर चॅनेलचे तीन पाय असतात. एका टोकाच्या पायाला प्लेअरची वायर, दुसऱ्या टोकाच्या पायाला ग्राउंड, आणि मधल्या पायावरून ॲम्प्लिफायरकडे. मधला पाय प्लेअरला जोडलात तर आवाज कमी करताना प्लेअरचं आउटपुटच शॉर्ट होतं. डबी ॲम्प्लिफायरजवळ ठेवा आणि तिथपासूनची वायर मीटरभराच्या आत ठेवा. लांब वायरीत वरचे सूर मंदावतात. सोल्डरिंग येत नसेल तर तयार ‘पॅसिव्ह’ व्हॉल्यूमची डबी मिळते. तिला प्लग नसतो आणि आत बिघडण्यासारखं फारसं काही नसतं.

काहींच्या हाती मंडळाचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लागतो, गणपतीत लाउडस्पीकरवर वाजणारा. त्याच्या माइकच्या सॉकेटमध्ये सीडी लावू नका, आवाज फाटतोच. ‘ऑक्स’ किंवा ‘ग्रामोफोन’चं सॉकेट शोधा. हा ॲम्प्लिफायर मोनो असतो, तेव्हा प्लेअरचे डावा-उजवा चॅनेल एकत्र करावे लागतात; पण दोन वायरी नुसत्या पिळून जोडू नका. दोन्हींमध्ये एकेक किलोओहमचा रेझिस्टर घालून मग जोडा. आणि घरचा 8 ओहमचा स्पीकर 8 ओहमच्याच स्क्रूला लावा, 100 व्होल्टच्या लाइनला नाही.

प्रीॲम्प नकोच, असंही नाही. रेकॉर्ड प्लेअरही लावायचा असेल, तीन-चार यंत्रं एका नॉबवर बदलायची असतील, ॲम्प्लिफायर हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल, किंवा नॉब पूर्ण फिरवूनही आवाज पुरत नसेल, तर जरूर घ्या. फक्त सीडीसाठी घेत असाल तर ते पैसे स्पीकरवर घाला. फरक तिथे ऐकू येतो.

आता जिवाची गोष्ट. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये 300 ते 450 व्होल्ट डीसी खेळत असतात, आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते बराच वेळ राहू शकतात. प्लग काढलाय म्हणून झाकण उघडू नका. स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीच चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. बरीच वर्षं पडून असलेला सेट थेट प्लगमध्ये घालू नका. कपॅसिटर आधी कारागिराला दाखवा. शोकेसच्या बंद खणात ठेवू नका, व्हॉल्व्हला मोकळी हवा लागते. घरात लहान मूल असेल तर जाळी लावा, काच चटका देते.

अमेरिकेतून भावाने आणलेला सेट 120 व्होल्टचा असतो, जपानचा 100 चा. आपल्याकडे 230. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागणारच, आणि तो सेटच्या वॉटपेक्षा मोठा घ्या. अमेरिकेतल्या सेटचा 60 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो, तेव्हा पहिले काही दिवस तासाभराने हात लावून बघा.

घूं आवाज आला तर अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका, ती पिन तुमचा जीव राखते. प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावा. सेट-टॉप बॉक्सही जोडला असेल तर त्याची केबल काढून पाहा. पुष्कळदा घूं तिथूनच येते. आणि पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत पिना हिरवट पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, पिन सॉकेटमध्ये दोनदा पिळा, आठवड्यातून एकदा तासभर सेट लावा.

रोजचा क्रम सोपा आहे. आधी प्लेअर, नॉब शून्यावर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर सगळ्यात आधी. मिनिटभर व्हॉल्व्ह तापू द्या. मग एखाद्या बैठकीची सुरुवात लावा, जिथे नुसता तानपुरा चालू आहे. नॉब हळूहळू उघडा. सूर स्वच्छ येतोय, मागे घूं नाही, नॉब अर्ध्यावर यायच्या आत आवाज पुरतोय? मग तुमच्या घराला प्रीॲम्पची गरज नाही. दुकानदाराला तसं सांगा आणि बिलातून ती ओळ काढायला लावा.