जुना संगणक आणि नवे विंडोज

विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरोघरी अडचण एकच: संगणक ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्यावर बसत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो, "जुगाड करून बसवून देतो." द्यावे का?

आधी अडते कुठे ते पाहू. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. इंटेलचे असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे मोफत साधन चालवले की नेमके कारण कळते. कधी कधी चिप असते, फक्त बायोसमध्ये बंद असते. ती चालू केली की जुगाडाची गरजच उरत नाही.

प्रोसेसरच जुना असेल, तर 'रूफस'ने पेन ड्राइव्ह बनवताना या अटींची तपासणी वगळता येते. विंडोज बसते, चालतेही. पण अशा संगणकाला अपडेटचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितले आहे. मोठी नवी आवृत्ती बहुधा हातानेच चढवावी लागते. २४एच२ आवृत्तीपासून तर कोअर टू ड्युओसारख्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही.

मुलांच्या अभ्यासापुरता संगणक असेल, तर हा धोका पत्करायला हरकत नाही. पण त्यावर दुकानाची उधारी, बँकेचे व्यवहार, मशिदीच्या वर्गणीचा हिशेब किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अर्जांसाठी घेतलेली आधारकार्डे असतील, तर ती दुसऱ्यांची अमानत आहे. तिथे "चालतंय ना?" एवढे पुरेसे नाही.

अशा घरांना आम्ही दोन वाटा सुचवू. पहिली, विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नाव नोंदवणे. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खाते लागते. त्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. दुसरी वाट लिनक्स मिंट. ते मोफत आहे, ४ जीबी रॅमवर निभावते, मराठी-उर्दू दोन्ही टाइप होते, आणि काहीही न पुसता पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. मात्र टॅली, श्रीलिपी त्यावर थेट चालत नाहीत. प्रिंटर चालतो का, तेही आधीच पाहून घ्यावे.

वाट कोणतीही धरा, फॉरमॅट मारण्याआधी फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोज पुन्हा बसवता येते. अब्बांच्या हजच्या प्रवासाचे फोटो एकदा गेले की गेले.