बाडबिस्तरा हलवता येईल ना?

'माइनक्राफ्ट' खेळताना अडलात की काय करता? त्याचं विकी उघडता. या विकीच्या संपादकांनी सप्टेंबर २०२३मध्ये चक्क घर बदललं! पानभर जाहिराती आणि स्वतःच्याच साइटवर चालणारी दुसऱ्याची मर्जी, याला कंटाळून त्यांनी 'फॅन्डम' सोडलं आणि स्वतंत्र पत्त्यावर संसार थाटला. वर्षानुवर्षं लिहिलेली पानंही सोबत नेली.

हे जमलं कसं? एक तर विकी 'मीडियाविकी' या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर होतं. ते कुणीही उतरवून आपल्या सर्व्हरवर बसवू शकतं. दुसरं म्हणजे, मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होता. अर्थात जुनी प्रत फॅन्डमवर तशीच राहिली, त्यामुळे वाचकांना नव्या पत्त्यावर आणायची मेहनत करावी लागलीच. पण हातात काहीतरी होतं. उलट, शिक्षकांमध्ये लोकप्रिय असलेली 'विकीस्पेसेस' ही सेवा बंद होत असल्याचं २०१८मध्ये जाहीर झालं, तेव्हा मुदतीच्या आत आपापली पानं उतरवून घेण्यासाठी सगळ्यांची धावपळ झाली.

आता तुमचं बघा. डिपार्टमेंटच्या नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, फेस्टचं नियोजन एकत्र ठेवायला विकी हवंय. 'विकिपीडिया चालतं तेच घेऊ' असं लगेच वाटेल. हजारो पानं आणि शेकडो संपादक असतील, तर मीडियाविकी उत्तमच. पण त्याला डेटाबेस लागतो. शिवाय ते मुळात सर्वांना वाचता यावं म्हणून घडवलंय. 'हे पान फक्त समितीलाच दिसावं' हे त्याचं काम नाही. वीस-पंचवीस जणांच्या गटाला २००४पासून चालत आलेलं 'डोकुविकी' सोयीचं पडेल. त्यातलं प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. डेटाबेसची भानगड नाही, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप तयार! कोणतं पान कुणाला दिसेल, हेही त्यात ठरवता येतं.

ओपन सोर्सला पैसे पडत नाहीत, कष्ट मात्र पडतात. अपडेट, स्पॅम, बॅकअप, सगळं तुमच्याच गळ्यात. आणि खरा धोका सॉफ्टवेअरचा नसतोच. थर्ड इयरची बॅच बाहेर पडते आणि पासवर्डही तिच्याबरोबर जातो! म्हणून दोन अ‍ॅडमिन ठेवा, त्यातला एक फर्स्ट इयरचा. मजकुराचा परवाना पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर प्रत्येकाची परवानगी मागत फिरणं अशक्य होतं. आणि कुठलंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यावर दहा पानं लिहा, ती दुसरीकडे हलवून बघा. जमलं, तरच तिथे मुक्काम करा.