‘खान’ : किताब आणि कांगावा

मराठीत ‘खान’ हा शब्द उच्चारला की आधी धर्म डोळ्यांसमोर येतो, माणूस नंतर. ऐतिहासिक कादंबऱ्या, शालेय पाठ आणि दूरचित्रवाणी मालिका यांनी ही सवय इतकी मुरवली आहे की ‘खान म्हणजे मुसलमानी नाव’ हे विधान तपासून पाहावे, असे साहित्याच्या अभ्यासकांनाही वाटत नाही.

मुळात खान हा मध्य आशियातील भटक्या टोळ्यांच्या सत्ताधीशाचा किताब. त्याचे थोरले रूप ‘कागान’. रौरान टोळ्यांच्या प्रमुखाने ते इ. स. 402 मध्ये धारण केले, म्हणजे इस्लामच्या उदयाच्या दोनशे वर्षे आधी. आठव्या शतकात उइघुरांच्या कागानाने मानी पंथ स्वीकारला. खझरांच्या राजकुलाने पुढे यहुदी धर्म पत्करला. 1206 मध्ये चंगीझखान झालेला तेमुजिन आकाशदेवतेचा उपासक होता. त्याचा नातू हुलागूखान याने 1258 मध्ये बगदाद उद्ध्वस्त करून तेथील अब्बासी खिलाफतच संपवली. त्याची राणी दोकुझ खातून ख्रिस्ती होती. आणि 1578 मध्ये सोनम ग्यात्सो या बौद्ध आचार्यांना ‘दलाई लामा’ ही उपाधी दिली, ती मंगोलांच्या अल्तानखानाने!

हिंदुस्थानात हा किताब राजाकडून सरदारांकडे उतरला. ‘अफझलखान’ हेही दरबारी किताबाचे नाव. बंगालचा सुलतान हुसेनशाह याने गोपीनाथ बसू या आपल्या हिंदू कारभाऱ्याला ‘पुरंदरखान’ केले. बंगालमध्ये आजही ‘खाँ’ आडनावाची हिंदू कुटुंबे आहेत.

किताबांची धर्मवार वाटणी पक्की केली ती इंग्रजांनी. मुसलमान आणि पारशी खानबहादूर. हिंदू आमच्याकडे रावबहादूर, उत्तरेत रायबहादूर. गंमत अशी की यातला ‘बहादूर’ही त्याच तुर्की-मंगोल मुलखातला, तो मात्र सर्वांना चालला.

यावर कोणी म्हणेल, आज भारतात खान आडनाव बहुतांशी मुसलमानांचेच आहे, मग हा शब्दच्छल कशाला? आडनावापुरते ते खरे आहे. पण आजची वाटणी सतराव्या शतकावर लादली की विजापूरच्या सरदाराची मोहीम निव्वळ धर्मयुद्ध ठरते आणि त्याच दरबाराची चाकरी करणारे मराठे सरदार कथेतून नाहीसे होतात. शिवाय पाठात ‘खान आला’ असे वाचताच वर्गातील खान आडनावाच्या मुलाकडे चार माना वळतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराच्या हुद्द्याचा जाब त्या मुलाने का द्यावा?

शब्दांची कुळकथा सांगणे हे भाषेच्या शिक्षकाचे किमान काम आहे. ते टाळून आपण ‘वाङ्मयीन आस्वाद’ शिकवत असू, तर त्या आस्वादाला विषाची चव राहणारच.