गति किती आणि कशासाठीं?

हल्लीं घरांत नवा स्मार्टफोन घ्यावयाचा झाला म्हणजे पहिली चर्चा त्याच्या गतीची होते. नातू म्हणतो, "आजोबा, फाइव्ह-जीच घ्या." दुकानदारही तेंच सांगतो. ज्यांच्यासाठीं तो फोन घ्यावयाचा, त्या वडीलधाऱ्या मंडळींस ही गति म्हणजे काय व ती आपणांस किती हवी, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. परिणाम असा होतो कीं, फोन स्वतःच्या हातांत असतो, पण त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातीं राहते. विजेचें बिल भरावयाचें असो कीं प्रवासाचें तिकीट काढावयाचें असो, तरुण मंडळी कामावरून परत येईपर्यंत वाट पाहणें आलेंच. आमच्या मतें हें परावलंबन अनावश्यक आहे. ज्यास त्रैराशिक येतें, त्या कोणाही गृहस्थास अथवा गृहिणीस हा विषय समजण्यासारखा आहे.

प्रथम परिभाषा पाहूं. फोर-जी, फाइव्ह-जी यांतील "जी" हें "जनरेशन" म्हणजे पिढी या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर आहे. आपल्या देशांतील पहिलें मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली या शहरांमध्यें झालें, तें दुसऱ्या पिढीचें. पांचव्या पिढीची सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. पिढी पुढची तशी गति अधिक, हें सामान्यतः खरें. परंतु पिढी म्हणजे गति नव्हे. गतीचें माप "मेगाबिट दर सेकंदास" हें आहे, आणि फाइलचा आकार "मेगाबाइट" या मापानें सांगतात. नांवें जुळ्या भावंडांसारखीं असलीं तरी एका बाइटांत आठ बिट असतात. म्हणून आठ मेगाबिटांच्या गतीनें एका सेकंदास एकच मेगाबाइट उतरतो, आणि चाळीस मेगाबाइटांचें ॲप घेण्यास पांच नव्हे, तर चाळीस सेकंद लागतात. जाहिरातींतील आंकड्यास आठांनीं भागावें, म्हणजे निम्मा भ्रम दूर होतो.

उरलेला निम्मा भ्रम दांड्यांचा. पडद्याच्या कोपऱ्यांत ज्या चढत्या दांड्या दिसतात, त्या टॉवराकडून येणारा संकेत किती प्रबळ आहे तें दाखवितात. गति दाखवीत नाहींत. टॉवराची क्षमता परिसरांतील सर्व फोनांत वांटली जाते. आषाढी एकादशीस पंढरपुरीं लाखों वारकरी एकाच वेळीं जमतात, तेव्हां दांड्या भरलेल्या असूनही छायाचित्र अडून बसावें यांत नवल नाहीं. नळ तोच, हंडे मात्र हजार! दुसरें कारण भिंतींचें. लहरींची कंपनसंख्या जितकी अधिक, तितक्या त्या भिंतींतून कमी आरपार जातात. फाइव्ह-जीकरितां आपल्याकडे मुख्यतः ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढील लहरी योजतात. फोर-जीच्या कांहीं लहरी मात्र ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आहेत. म्हणून जाड भिंतींच्या वाड्यांत, माजघरांत बसून फाइव्ह-जी लंगडूं लागलें, तर फोनच्या सेटिंगमध्यें फोर-जी निवडून पहावें, किंवा सरळ ओसरीवर येऊन बसावें.

गति मोजावयाची असल्यास दूरसंचार नियामक प्राधिकरणाचें "ट्राय मायस्पीड" हें ॲप आहे. मात्र येथें स्थालीपुलाकन्याय चालत नाहीं. एक शीत चांचपून भाताची परीक्षा होते, पण एका वेळच्या मोजणीनें नेटवर्कची परीक्षा होत नाहीं. सकाळीं, दुपारीं व रात्रीं, आपण जेथें बसतों त्याच जागीं मोजावें.

आतां गरज किती तें पाहूं. पांचशें अक्षरचिन्हांचें एक मराठी पत्र घ्या. देवनागरींतील प्रत्येक चिन्हास साधारणतः तीन बाइट लागतात. म्हणजे पंधराशें बाइट, अथवा बारा हजार बिट. एका मेगाबिटांत दहा लाख बिट असतात. तेव्हां अवघ्या एका मेगाबिटाच्या गतीनेंही असें पत्र सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास निघून जातें. इंटरनेटवरील आवाजी संभाषणास मेगाबिटाचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो. परदेशीं असलेल्या लेकीस समोरासमोर पाहून बोलावयाचें झाल्यास सुमारें एक मेगाबिट पुरतो. पण तो येणाऱ्या व जाणाऱ्या अशा दोन्ही दिशांस हवा. यूट्यूबवर कीर्तन पाहण्यास साध्या चित्रांत सुमारें एक, स्पष्ट चित्रांत अडीच व अतिस्पष्ट चित्रांत पांच मेगाबिट लागतात. सरकारनें जानेवारी २०२३ मध्यें "ब्रॉडबँड" या नांवास पात्र ठरणारी किमान गति दोन मेगाबिट ठरविली. शेंकडों मेगाबिटांचें आश्वासन ज्यास मोठमोठ्या फाइली उतरवून घ्यावयाच्या आहेत त्याच्या उपयोगाचें. आजीबाईंचें त्यावांचून कांहीं अडत नाहीं.

गति म्हणजे नळाचा ओघ, तर डेटा म्हणजे हंड्यांतील पाणी. ओघ मोठा म्हणून हंडा मोठा होत नाहीं. समजा, दिवसाला दीड जीबी डेटा मिळतो. अडीच मेगाबिटांचें चित्र सलग पाहिल्यास तो हंडा ऐशीं मिनिटांत रिकामा होतो. घरीं वायफाय नसल्यास चित्र साधें ठेवावें, हीच काटकसर.

ॲपांची यादी लांबविण्यांत अर्थ नाहीं, थोडींच पुरेत. व्हॉट्सॲप बहुतेकांस ठाऊक आहेच. "डिजिलॉकर" हें २०१५ सालापासून चाललेलें कागदपत्रांचें सरकारी कपाट. "उमंग" यांत भविष्यनिर्वाह निधीसारख्या अनेक सरकारी सेवा एकत्र मिळतात. पैसे देण्याघेण्यास "भीम" आहे. ज्यांचे आप्त शेतीवाडीवर असतात त्यांनीं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें "दामिनी" घ्यावें. तें आसपास वीज पडण्याची पूर्वसूचना देतें. हरवलेला फोन बंद पाडण्यास व आपल्या नांवावर किती सिमकार्डें आहेत तें पाहण्यास "संचार साथी" आहे. ज्यांस बारीक अक्षरांवर बोट ठेवणें जड जातें त्यांनीं "जीबोर्ड" घेऊन, माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठींत बोलावें; अक्षरें आपोआप उमटतात. यांपैकीं एकाही कामास मोठी गति लागत नाहीं.

उलट यांतील कांहीं कामांस मंदपणाच हवा. पैसे जावयास आतां दोन-तीन सेकंदच लागतात, आणि चोर नेमकी घाईच करावयास लावतो. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नांवाशेवटीं "एपीके" हीं अक्षरें असतील, तर ती पत्रिका नसून बाहेरचें ॲप आहे, उघडूं नये. ॲप फोनच्या अधिकृत दुकानांतूनच घ्यावें. यूपीआयचा पिन पैसे देण्यास वा शिल्लक पाहण्यास लागतो. पैसे घेण्यास कधींही लागत नाहीं. कोणी गणवेशांत पडद्यावर येऊन "तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे" असें म्हणेल, तर फोन खुशाल ठेवून द्यावा. असली अटक आपल्या कायद्यांत नाहीं. अशीं माणसें "घरांत कोणास सांगूं नका" असें बजावतात, तेव्हां पहिलें काम घरांत सांगण्याचेंच करावें. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. तेथें मात्र घाई करावी. जितक्या लवकर कळवावें, तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. आयुष्यभराची पुंजी आणि त्याहूनही अधिक म्हणजे वृद्धांचा स्वतःवरील विश्वास, हीं दोन्ही त्या क्षणीं पणास लागलेलीं असतात.

शेवटीं घरांतील तरुणांस एक विनंति. वडीलधाऱ्यांनीं कांहीं विचारलें कीं फोन त्यांच्या हातांतून घेऊन काम उरकणें सोपें असतें. तें करूं नये. तुम्हांस मुळाक्षरें शिकवितांना कोणीं तरी तुमचा हात धरून गिरवून घेतलें, आणि वेळ येतांच तो सोडूनही दिला. तसेंच आतां तुम्हीं करावें. शेजारीं बसावें, सांगावें, पण बोट त्यांचेंच फिरूं द्यावें. पहिल्या आठवड्यांत एकच ॲप, दुसऱ्यांत दुसरें, एवढ्या बेतानें गेल्यास दिवाळीपर्यंत घरांतील सर्वांत वडील माणूसही स्वतःचें बिल स्वतः भरूं लागेल.