मूल होत नाही? आधी पतीची तपासणी करा

चाकण, भोसरीकडून मूल होत नाही म्हणून दवाखान्यात येणारी जोडपी आता ओळखीची झाली आहेत. खरे तर जोडपे क्वचितच येते. येते ती सून आणि सोबत सासूबाई. लग्नाला तीन-चार वर्षे झालेली आणि हातात रिपोर्टांनी फुगलेली पिशवी. रक्त, सोनोग्राफी, गर्भनलिकांची तपासणी, सगळे दोन-दोनदा झालेले. ‘‘मुलाची तपासणी झाली का?’’ असे विचारले की सासूबाई चमकतात. ‘‘त्याला काय झालंय, डॉक्टर? चांगला धडधाकट आहे. आणि कंपनीतून सुट्टी कुठे मिळते?’’

वाचकहो, धडधाकट शरीर आणि पुरेसे शुक्रजंतू या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वृषणाच्या शिरा फुगणे, लहानपणी न उतरलेले वृषण, मोठेपणी झालेले गालगुंड, तंबाखू, भट्टीजवळचे सततचे काम अशी कारणे अनेक आहेत. त्यातले एक कारण मात्र असे आहे की ते ना डोळ्यांना दिसते, ना साध्या तपासणीत सापडते. ते असते पुरुषाच्या ‘वाय’ गुणसूत्रात.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बीज तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, जणू पत्ते पिसले जातात. म्हणून दोन सख्खी भावंडे सारखी नसतात. पुरुषाच्या ‘वाय’ला मात्र बरोबरीचा जोडीदार नाही. दोन्ही टोकांचा थोडासा भाग सोडला तर तो कोणाशी अदलाबदल करत नाही. आडनावासारखा तो बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा जातो.

मग त्यात चूक झाली तर दुरुस्ती कशी होते? २००३ साली अमेरिकेतील डॉ. डेव्हिड पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘वाय’ची अक्षरे वाचली, तेव्हा एक गंमत दिसली. शाळेत आपण ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य उलट-सुलट वाचत असू. ‘वाय’मध्ये तशीच आरशातल्यासारखी लांबच लांब जोडवाक्ये आहेत. एका बाजूला चूक झाली तर दुसऱ्या बाजूची प्रत पाहून ती सुधारता येते. पण हीच सोय कधी अंगाशी येते. सारख्या दिसणाऱ्या दोन जागा चुकून एकमेकींना जोडल्या जातात आणि मधला तुकडा गळून पडतो. त्या तुकड्यात शुक्रजंतू तयार करणारी जनुके असली, तर पुरुष सर्व दृष्टींनी निरोगी असूनही त्याच्या वीर्यात शुक्रजंतू फार कमी असतात किंवा नसतातच. अशा पुरुषांच्या वडिलांत बहुधा तो तुकडा शाबूत असतो. म्हणजे इथे खानदानालाही बोल लावायला जागा नाही.

‘वाय’चा तुकडा नसण्याचा शुक्रजंतूंशी संबंध १९७६ साली इटलीतील टिएपोलो आणि झुफार्डी यांनी दाखवला. त्यांनी ११७० पुरुष तपासले, त्यांतील सहा जणांत तो सापडला. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील डॉ. दीपक मोदी व सहकाऱ्यांनी भारतीय पुरुषांत हा दोष किती आढळतो आणि त्यासाठी कोणत्या चाचण्या योग्य, याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. म्हणजे हा प्रश्न परदेशातला नाही, आपल्या घरातला आहे.

या चाचणीचा उपयोग काय? पहिला उपयोग पैशाचा. गळालेला भाग ‘सी’ विभागातला असेल, तर वृषणातून शुक्रजंतू मिळण्याची बरीच आशा असते. ‘ए’ किंवा ‘बी’ विभाग पूर्ण गेला असेल, तर ती जवळजवळ नसते आणि शस्त्रक्रियेचा खर्च व त्रास वाचतो. दुसरा उपयोग पुढच्या पिढीचा. एकच शुक्रजंतू सुईने बीजात सोडण्याच्या ‘इक्सी’ उपचाराने अशा पुरुषाला मुलगा झाला, तर तो एरवी निरोगी असतो, पण हा दोष बापाकडून त्याच्याकडे जातो. मुलीकडे तो जात नाही, कारण तिला बापाचा ‘वाय’ मिळतच नाही. उपचारापूर्वी हे पतिपत्नींना सांगितलेच पाहिजे.

आणि इथेच ‘वंशाच्या दिव्या’बद्दल दोन शब्द. गर्भाचे लिंग पित्याच्या शुक्रजंतूवर ठरते, हे आता सर्वांना ठाऊक असायला हवे. तरी मुलगी झाली की बोलणी सुनेलाच बसतात. ज्या ‘वाय’साठी हा अट्टाहास, त्याची पुरी अक्षरे २०२३ साली वाचून झाली. ती सव्वासहा कोटींच्या आसपास भरली, म्हणजे एकूण तीनशे कोटींत जेमतेम दोन टक्के. बाकी आजोबा-आजींचा सगळा वारसा पिसलेल्या पत्त्यांसारखा मुलीकडेही तितकाच जातो. वंश बुडतो तो कुठे?

तेव्हा वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, तर सुनेच्या तपासण्यांबरोबरच मुलाची वीर्यतपासणी करावी. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिनेच थांबावे. ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. आधी दोन ते सात दिवस संबंध टाळावा. रिपोर्टात कमतरता आली तर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. शुक्रजंतू फारच कमी असतील किंवा नसतील, तरच ‘वाय’ची रक्तचाचणी तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावी.

सासूबाईंनाही एक विनंती. पुढच्या वेळी सुनेला घेऊन येताना मुलालाही आणा. अर्ध्या दिवसाच्या रजेने पगार थोडा कापला जाईल, पण एका निरपराध मुलीची वर्षानुवर्षांची कुचंबणा टळेल.