प्रेरणा मोरपिसांची, लिपी मात्र पोरकी

आजकाल ग्राफिक डिझायनरला त्याची प्रेरणा विचारा, तो हमखास आदिवासी पाड्याचे नाव घेतो. तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा तर या कामासाठी फारच सोयीचा. दिवाळीच्या सुमारास दंडारीत नाचणाऱ्या गुसाडींचे मोरपिसांचे मुकुट आहेत, ओझा कारागिरांच्या पितळी मूर्ती आहेत (या ढोकरा कामाला २०१८ साली जीआयही मिळाला). एक मोरपीस उचलायचे, कोपऱ्यात पितळी घोडा उभा करायचा, झाले पोस्टर! आमच्याकडे शिगम्याच्या जाहिरातीत घोडेमोडणीचे जे होते, तेच तिथे गुसाडीचे.

मोरपिसाशी माझे वैर नाही. पण त्याच जिल्ह्यात आरेखनाचा जो खरा खजिना आहे, तो या मंडळींना दिसत नाही याची मला चीड येते. नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गोंडांचे गाव आहे. तिथे जपून ठेवलेली जुनी हस्तलिखिते हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी यांच्यामुळे जगापुढे आली. त्यांत दिवस-महिन्यांची नावे आहेत, आकडे आहेत, गोंड राजांच्या हकिकती आहेत. आणि हे सगळे गोंडांच्या स्वतःच्या लिपीत. या लिपीची वर्णमाला 'क'पासून सुरू होत नाही. आधी य, व, ब, भ, म आणि मग क! आमची बाराखडीची घोकंपट्टी तिथे उपयोगाची नाही. २०१४ साली तिचा पहिला फॉन्ट आला, २०१८ साली तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, आणि तिथल्या तक्त्यातही हाच क्रम ठेवला आहे.

आता खरे काम सुरू व्हायला हवे होते. हस्तलिखितातले अक्षर बोरूचे. ते छापील पुस्तकात, मोबाईलच्या इवल्याशा पडद्यावर वाचता यायला हवे. मात्रा कुठे चिकटवायची, जोडाक्षर कसे बसवायचे, दोन आकड्यांत गल्लत होऊ नये म्हणून कुठला फाटा लांब ओढायचा, असले किचकट, डोळे फोडणारे काम. र. कृ. जोशी यांनी असेच काम देवनागरीसाठी केले. त्यांचे 'मंगल' आम्ही कारकून रोज बडवतो. ते २००८ साली गेले, पण त्यांचे नाव आमच्या कचेरीत किती जणांना ठाऊक असेल? देवनागरीत आज शेकडो फॉन्ट आहेत. गुंजाला गोंडीचे बोटांवर मोजता येतील.

यावर ठरलेला प्रश्न येतो : हे वाचणार कोण? देवनागरी आहे, तेलुगू आहे, मग हा नवा खटाटोप कशाला? शिवाय बालाघाटच्या मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी दुसरी लिपी घडवली होती, तीही २०१७ साली युनिकोडमध्ये आली. म्हणजे घरातच भांडण. (लिपीवरून भांडण म्हणजे काय ते गोवेकराला कुणी शिकवू नये.) देवनागरीचा प्रयोगही झालेला आहे. १९४३च्या सुमारास हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने मार्लवाईत गोंडी शिक्षक तयार झाले, देवनागरीत गोंडी वाचनमाला निघाल्या. चांगलेच झाले. पण म्हणून गुंजालाच्या पोथ्या कपाटात टाकाव्यात असे ठरत नाही.

आणि वाचणाऱ्यांची संख्या म्हणाल, तर २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर होते, कोंकणीवाले साडेबावीस लाख. कोंकणी १९९२ पासून आठव्या परिशिष्टात आहे. गोंडी अजून बाहेर. तेव्हा 'मूठभरांची भाषा' हे बोलताना निदान आम्ही गोव्यात बसून तरी जीभ चावावी. आमच्या पूर्वजांनी गावकरीच्या नोंदी ज्या गोयकानडीत लिहिल्या, ती वाचणारा आज आम्हाला शोधावा लागतो. मोडीची गतही फार वेगळी नाही.

म्हणून डिझायनर मित्रहो, आदिलाबादला जरूर जा. पण कॅमेरा जरा बाजूला ठेवून गुंजालाच्या अक्षरांपाशी बसा. या लिपीत एक दिनदर्शिका करा, पहिलीच्या पोरांचे पुस्तक करा, उटनूरच्या बसस्टँडवर गावांची नावे वाचता येतील अशी पाटी करा. मोरपिसाच्या पोस्टरपेक्षा यात पैसे कमी मिळतील, आणि बक्षीस तर बहुधा मिळणारच नाही.